सर वेटमध्ये आहेत

"पोरगं कुठंय? अरे, बाप हितं उभा हाये, मंग पोरगं कुठंय? फोर्क झाला का न्हाई झाला?"

भर बाजाराच्या दिवशी, आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात खताच्या दुकानासमोर उभे राहून सर ओरडत होते. सरांचा आवाज असा, की तिकडं साखऱ्याच्या माळावर शेळ्यांनी चरायचं थांबवून कान टवकारले असतील. मी वाढवून सांगत नाही. वाढवायला लागलो तर सेनगावच्या शेळ्याही यात ओढाव्या लागतील. 'पोरगं कुठंय' एवढं कानावर पडलं आणि बाजार जागच्या जागी थिजला. बांगड्यावालीनं गिऱ्हाइकाचा हात बांगडी अर्धी चढवून तसाच सोडून दिला. "कुनाचं लेकरू हरवलं गं माय!" म्हणून एका बाईनं सूर लावला. जिचं लेकरू तिच्याच कडेवर होतं तिनंही त्यात आपला सूर मिसळला. एका जीपवाल्यानं जीप रस्त्यात आडवी घातली, म्हणजे लेकरू पळवणारा सेनगावकडं निसटायला नको.

तेवढ्यात आमच्याच वर्गातला एक जण मिशीवरचा फेस पुसत गर्दीतून पुढं आला. हातात वहीचा कागद, अंगानं सोयाबीनचं भरलेलं पोतं.

"सर, मी रसवंतीवर व्हतो."

"जन्मायच्या आधीच रस प्यायला गेला?" सर कडाडले. "बाप हाक मारून राहिला अन् तू रस पिऊन राहिला?"

बायकांनी आधी त्या पोत्याकडं पाहिलं. मग त्याचा बाप म्हणून शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. मला तेव्हा मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. त्या दिवसापासून गोरेगावच्या बाजारात मला कुणी सरळ नजरेनं भाजी विकली नाही.

आता यात येडं कोण, हे ठरवायच्या आधी आमच्या क्लासची हकीकत ऐका. दोन हजार सालाच्या आगेमागे खताच्या दुकानाच्या माडीवर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. दुकान ज्यांचं, क्लासही त्यांचाच. त्यांना सगळा गाव मामा म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणायचो. मामांनी ऐकलं होतं की पुढचा जमाना कॉम्प्युटरचा आहे. त्यांनी तीन मशीनं आणली, युरियाच्या वासात मांडली आणि शिकवायला सरांना आणलं. सर मूळचे कुठले, हे विचारलं की ते म्हणायचे, "मूळ न्हाई, चालू प्रोसेस हाये." उंच, किडकिडीत, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावलेली, आणि सुताराच्या कानावर पेन्सिल असते तसा यांच्या कानावर खडू. मामांच्या हुकमाप्रमाणं सकाळी ते टायपिंग आणि एक्सेल शिकवायचे, पण एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. दुपारी मात्र चेहरा बदलायचा. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून त्यांनी सगळ्यात जुन्या मशीनवर लिनक्स नावाची फुकटातली सिस्टीम चढवली होती. ज्याला हवं त्यानं बसावं, फी नाही. त्यात शिकवायचे एकच: चालू असलेला एक प्रोग्राम, म्हणजे एक प्रोसेस, मशीनला सांगून दुसऱ्या प्रोसेसला जन्म कसा देतो.

हिंगोली जिल्ह्यात राहून असलं ज्ञान घ्यायचं म्हणजे दुष्काळात पोहायला शिकायचं. वीज वीस तास गेलेली असायची आणि उरलेले चार तास यायच्या तयारीत असायची. पहिल्या आठवड्यातच पडदा काळा झाला, पंखा थांबला, आम्ही दप्तरं उचलली. सर दारात आडवे उभे राहिले.

"कुठं चालले?"

"लाईट गेली ना सर."

"लाईट गेली म्हनून प्रोग्राम थांबतो व्हय? मानसं हायेत ना! चला खाली."

त्या दिवसापासून आमचे प्रोग्राम माणसांवर चालायला लागले. प्रोग्राम कागदावर लिहायचा, कागद हातात धरून दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत उभं राहायचं, आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचून ती करायची. 'फोर्क' ही जन्म द्यायची ओळ आली की हाक मारायची. मग दुसरा एक जण हुबेहूब तोच कागद घेऊन शेजारी उभा राहायचा. तो पोरगा, आधीचा बाप. पोरगा पहिल्या ओळीपासून सुरू करत नाही. बाप जिथं पोचलाय तिथूनच पुढं तोही वाचायला लागतो. "हाक एकदा, ओ दोनदा," सर म्हणायचे. फोर्क बोलावला एकदा, पण उत्तर दोघांना मिळतं. बापाच्या हातात पोराचा नंबर येतो, पोराच्या हातात शून्य. यावरूनच आपण बाप का पोरगा हे ज्यानं त्यानं ओळखायचं. "आन् ध्यानात ठेवा," ते आवाज उतरवून सांगायचे, "जन्मताना बापाकडं जे जे हाये ते समदं पोराला मिळतं. पन त्याच्यानंतर बापानं आपल्या कागदावर काय लिहिलं, ते पोराला दिसत न्हाई. पोरानं काय लिहिलं ते बापाला न्हाई."

आम्हाला प्रत्येकाला कायमचा नंबर होता. मी एकोणीस. सर सात. एक नंबर का घेत नाही, विचारलं तर म्हणाले, "एक नंबर सगळ्यात वरच्याचा. आई-बाप मेलेली पोरं त्याच्या वाट्याला जातात. ते आपलं काम न्हाई." पोराला कधीही आपल्या बापाचा नंबर विचारता येतो, असा मशीनचा कायदा आहे. म्हणून सर चालता चालता गर्रकन वळायचे आणि बोट रोखून विचारायचे, "बापाचा नंबर?" आम्ही झोपेतसुद्धा ओरडायचो, "सात!" माझ्या सख्ख्या बापानं हे एकदा ऐकलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

एका पठ्ठ्यानं फोर्क असा गरागरा फिरत्या ओळीत लिहिला, की थांबायचं कुठं हे लिहायलाच विसरला. एकाचे दोन, दोनांचे चार, चारांचे आठ. आम्ही म्हटलं, सर, चूक आहे, खोडू. सर म्हणाले, "लिहिलंय तसं चालंल. मशीन काय तुझी मावशी हाये, समजून घ्यायला?" वर्गातली पोरं संपली. सरांनी बाजारात हात घातला. न्हाव्याला अर्ध्या दाढीवरून उठवलं, आणि अर्धी दाढी झालेल्यालाही उठवलं. हिंगोलीच्या जीपमधली माणसं उतरवली, जीप रिकामी गेली. दोनच्या टोल्याला निम्मा बाजार वहीचे कागद धरून 'फोर्क, फोर्क' ओरडत होता. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, आमदारांची सभा आहे. शेवटी सर एका कांदेवाल्या म्हातारीपुढं गेले.

"आजी, उठा. तुमची बारी."

"मला टाइम न्हाई," म्हातारी कांदे रचत म्हणाली.

सर आनंदानं जागच्या जागी उडाले. "उणे एक! बघा रे, उणे एक! जागा संपली की फोर्क असा फेल व्हतो!"

"फेल?" म्हातारी उसळली. "मी शाळंतच गेले न्हाई, फेल कशी व्हईन?"

असे आमचे सर. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हाक एकदा, ओ दोनदा, इसरू नका." मंडळींना वाटलं, आशीर्वाद आहे. आणि गंमत बघा, त्या घरात जुळं झालं. पुढं कितीतरी दिवस सासवा सुनांना घेऊन क्लासच्या जिन्याशी उभ्या राहायच्या आणि मामा त्यांना युरिया विकायचे.

हसू मात्र एका ओळीपर्यंतच चालायचं. त्या ओळीचं नाव 'वेट', म्हणजे थांब. पोराला जन्म दिला की बापानं वेट म्हणून उभं राहायचं. पोरगा आपलं काम संपवतो, जाताना एक आकडा सांगतो. शून्य म्हणजे सगळं बराबर झालं. एक म्हणजे जमलं नाही. दोन, तीन, जशी ज्याची तकलीफ. तो आकडा बापानं कानानं ऐकायचा आणि मगच स्वतःची पुढची ओळ वाचायची. अंगणात वेट आला की सर कुणाला खोकूसुद्धा द्यायचे नाहीत.

"अन् बापानं न्हाई इचारलं तर?" एकदा मी विचारलं.

"तर पोरगा झोंबी व्हतो, इंग्रजीतलं चालतं मढं." सर दुकानाच्या पायरीवर बसले. मी त्यांना बसलेलं क्वचितच पाहिलं होतं. "काम संपलेलं असतं. जीव गेलेला असतो. पन कुनी इचारलं न्हाई म्हनून मशीनच्या यादीतलं नाव निघत न्हाई. आमचा थोरला भाऊ सुरतेला गेला. मी ल्हान व्हतो. माय म्हनायची, त्याला गरज असंल तर तो कळवील. त्याला वाटलं असंल, मायला गरज असंल तर ती इचारील. राशन कार्डावर त्याचं नाव व्हतं, त्याच्या नावाची साखर घरी यायची, आमी खायचो. माय मेल्यावर सुरतेहून एक मानूस आला. त्यानं सांगितलं, तो तर कवाच गेला. आमी मेलेल्या भावाची साखर खाऊन राहिलो व्हतो."

समोर एक शेरडू युरियाच्या रिकाम्या पोत्याला तोंड लावत होतं. सरांनी त्याला हाकललं आणि उठले. "चला. वेट."

मला वाटतं, त्या साखरेमुळंच त्यांनी पुढचा रिवाज पाडला. क्लास संपवून जो कुणी कामाधंद्याला बाहेरगावी जाईल, त्यानं महिनाभरात खाली दुकानाशेजारच्या एसटीडी बूथवर फोन करायचा. हालहवाल नको, नमस्कार नको. नंबर सांगायचा आणि आकडा सांगायचा. बूथ एक काकू चालवायच्या. त्या माडीकडं तोंड करून ओरडायच्या, "सर, अकरा हाये लाईनवर!" सर तीन पायऱ्या एका उडीत उतरायचे.

"अकरा. शून्य."

"बापाचा नंबर?"

"सात."

खट्. फोन बंद. सर वर यायचे, "अकराचा शून्य आला!" म्हणून गर्जायचे, आणि आम्ही टाळ्यांनी माडी हलवायचो. मग सगळ्यांना गूळ-शेंगदाणे. नांदेडहून शून्य आला, औरंगाबादहून आला, हैदराबादहून आला. जवळा बाजारच्या एकाचा बाप तर काठी घेऊनच माडीवर चढला होता. "माझं पोरगं तुमी शून्य करून टाकलं म्हनतात!" त्याला खरी गोष्ट समजवायला दोन भेली गूळ खर्ची पडला. जाताना तो गावभर सांगत गेला की माझ्या पोराला शून्य मिळाला, आणि गावानं त्याचं सांत्वन केलं. सर दर वेळी बजावायचे, "एक असंल तर एक सांगा. लाजू नका. ऐकाया मी हाये." पण एक कधी आलाच नाही. आला असता तर आम्ही काय केलं असतं, कुणास ठाऊक. एकासाठी टाळ्या कशा वाजवायच्या हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि मग सुदाम गेला.

सुदाम साखऱ्याचा. घरी शेरडं-मेंढरं, दोन एकर कोरडवाहू. बोलायला कमी, पण कागदावरचा प्रोग्राम नुसता पाहून कोण कुठं अडकणार हे बोटानं दाखवायचा. सरांचा त्याच्यावर एवढा जीव, की अंगणात वेटची पाळी आली की बाप स्वतः सर आणि पोरगा सुदाम. त्याचा नंबर बावीस. उन्हाळ्यात तो पुण्याला निघाला तेव्हा सर जीपपर्यंत गेले. सुदामचा बापही आला होता, खांद्यावर घोंगडी टाकून. जीप हलली तसे सर पळत पळत ओरडले, "महिना!" सुदामनं टपावरून हात केला.

महिना गेला. फोन आला नाही. दुसरा गेला. सरांनी काकूंना विचारलं, लाईन बंद होती का? काकू म्हणाल्या, चालू होती. जून उजाडला. मामांनी नवीन बॅचची पत्रकं वाटली, पोरं येऊन माडीवर बसली, आणि सर वर गेलेच नाहीत. बूथच्या बाकड्यावर बसून राहिले.

मामा खाली आले. "सर, पोरं वर बसून राहिले ना!"

"मी वेटमध्ये हाये."

"कशात?"

"वेटमध्ये. बावीस बोलल्याशिवाय पुढची ओळ चालत न्हाई."

"अहो, पोरं तिकडं फी भरून माश्या मारून राहिले, अन् तुमी हितं काय अंडी उबवून राहिले?"

सर फोनकडं पाहत राहिले. मामांनी हात जोडले, शिव्या दिल्या, पुन्हा हात जोडले. माणूस वाईट नव्हता. सरांचा पगार त्यांनी कधी थांबवला नव्हता आणि सरांच्या दुपारच्या वर्गावर कधी बोट ठेवलं नव्हतं. पण पोरं उठून जायला लागली. हिंगोलीत क्लास निघाले होते, तिथं वीजही जास्त होती आणि मास्तर माडीवर चढायचे. मामांनी शेवटी सांगून टाकलं, पोळ्यापर्यंत बॅच सुरू झाली नाही तर मशीनं विकीन आणि माडीवर बियाणं ठेवीन.

आम्ही जुनी पोरं सरांना समजवायला गेलो. मी वर्गातला शहाणा, मी बोललो. "सर, तुमीच शिकवलं ना, न थांबता इचारायचीबी सोय हाये. वेटला सांगायचं, नुसतं डोकावून बघ. पोराचं काम झालं असंल तर आकडा घे, नसंल तर आपलं काम करत राहा."

सरांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, आता शाबासकी देतात.

"बराबर," ते म्हणाले. "ती सोय कामातल्या मानसाला हाये. मला काय काम हाये?"

वर माडीवर त्यांचं अख्खं काम होतं. आम्ही त्याकडं पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.

सुदामच्या बापालाच गाठून आणलं. त्यानं घोंगडी सावरत सांगितलं, "खुशाल हाये की. परवाच गावचा एक जन तिकडून आला. बरं चाललंय म्हनतो."

"काय काम करतो?"

"त्ये काय मला समजतंय व्हय? पुन्यात हाये."

"बाबा, हे तुमच्याकडून घेता येत न्हाई," सर म्हणाले. "त्याचं त्यानंच सांगाया पायजे."

"अहो, मी त्याचा जन्माचा बाप, मी सांगून राहिलो ना, खुशाल हाये!"

"तुमचं बराबर, तो तुमच्यापुरता खुशाल. माझ्याकडं त्याचा आकडा न्हाई."

म्हातारा आमच्याकडं वळला. "तुमचा मास्तर बरा हाये ना रे?" आम्ही मान हलवली. कशी हलवली ते आता आठवत नाही.

पोळा आठवड्यावर आला, तेव्हा मामांनी मामा शोभेल असं केलं. त्यांचा भाचा सेनगावात राहायचा. त्याला पढवला. त्या दुपारी मी बूथवरच होतो. घंटा वाजली, काकूंनी उचलला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "सर, बावीस! सर, बावीस हाये!"

सर उठले. कानावरचा खडू खाली पडला, तो त्यांच्याच पायाखाली चुरला. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आला. "सर, मी सुदाम! बावीस नंबर! शून्य हाये सर! एकदम शून्य! शून्यच शून्य!"

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं एकदाचं. आता वर जातील, गर्जतील. मी टाळ्यांसाठी हातसुद्धा उचलले होते.

"बापाचा नंबर?" सरांनी विचारलं.

पलीकडून आलं, "कुनाच्या बापाचा?"

"तुझ्या."

"आमच्या बापाकडं फोन न्हाई सर."

सरांनी रिसीव्हर खाली ठेवला, झोपलेलं लेकरू ठेवावं तसा. "राँग नंबर," काकूंना म्हणाले आणि बाकड्यावर जाऊन बसले. दुकानाच्या दारात मामा उभे होते. ते आत गेले आणि उगीच एका पोत्याचं तोंड शिवायला लागले.

पोळा झाला. मशीनं युरियाच्या पोत्यांत गुंडाळून जिन्यावरून उतरवली, तेव्हा सरांनी स्वतः एक बाजू धरली. जुनं मशीन बंद करायला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. बंद होताना ते मशीन आपल्या सगळ्या प्रोसेसांना एकेक करून निरोप धाडतं आणि तसं पडद्यावर लिहीत जातं. सर ते वाकून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिले. इतकी वर्षं ती माडी विजेसाठी तरसली, आणि त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज एकदाही गेली नाही.

नंतर सर जवळा बाजारला एका जिनिंगवर कापसाच्या गाड्यांचं वजन लिहायला लागले. तिथं ते कुणाशी बोलायचे नाहीत असं म्हणतात. मला ते पटायला जड गेलं, कारण त्यांच्या कुजबुजीनंही जिनिंगचं मशीन दचकलं असतं. बाजाराच्या दिवशी जीपनं गोरेगावला यायचे, बाकड्यावर बसायचे, शेवटच्या जीपनं परत जायचे. मग गावात मोबाईल आले. पोरं तिकडूनच घरी फोन करायला लागली, काकूंच्या बूथवर धूळ बसली. काकूंनी फोन काढून टाकला आणि त्याच जागेत बांगड्या ठेवल्या. तरी सर दोन-चार बाजार आले. बांगड्यांकडं पाहत बसायचे, बायका अवघडायच्या. काकू मला म्हणाल्या, "त्यानला उठ कसं म्हनू? मी फोन काढला तवा त्यानला न्हाई इचारलं." मग ते यायचे थांबले. आजारी पडून बहिणीकडं वाशीमला गेले आणि तिथंच वारले. आम्हाला कळलं ते पुष्कळ उशिरा, एका जीपवाल्याकडून, तेही तो भाड्यावरून कुणाशी भांडत असताना, बोलता बोलता.

पुढं काही वर्षांनी मी पुण्याला आत्येभावाच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेलो. भली मोठी इमारत. फाटकावर निळा ड्रेस, गळ्यात शिट्टी. "ओ पाव्हनं, कोन्त्या विंगला?" त्या 'कोन्त्या'वर मी थांबलो. त्यानं टोपी वर केली.

"तू व्हय," सुदाम म्हणाला.

त्यानं केबिनमध्ये बसवलं, टपरीवरून चहा मागवला. सांगायला लागला. आल्या आल्या सर्टिफिकेट घेऊन कंपन्यांच्या दारोदार फिरला. "गेटच्या आत कुनी घेतलं न्हाई. मंग गेटवरच राहिलो." हसला. लग्न झालंय, मुलगी इंग्रजी शाळेत जाते, तिच्या शाळेत कॉम्प्युटर आहे. अंगानं भरला होता. त्याला काही दुखत होतं असं मला दिसलं नाही.

मग मी त्याला सगळं सांगितलं. बाकडं, जून महिना, त्याच्या बापाला आणलं ते, भाच्याचा फोन, जिन्यावरून उतरलेली मशीनं, जिनिंग, बांगड्या, वाशीम. आयुष्यात पहिल्यांदाच मी काही न वाढवता सांगत होतो. वाढवायला त्यात जागाच नव्हती. मधेच एक गाडी आली. सुदामनं उठून फाटक उघडलं, सलाम ठोकला, फाटक लावलं, पुन्हा येऊन बसला. त्याचा चहा तसाच होता.

"तुला एक फोन करता आला न्हाई का बे?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, टपरीवाल्यानं वळून पाहिलं. "एक आकडा! काहून न्हाई केला?"

सुदामनं शिट्टी शर्टाला पुसली.

"एक सांगायला फोन लावायचा व्हय?" तो म्हणाला.